गिऱ्हाईक कुणाच्या वहीत?



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी उभी हयात रात्रशाळेत गिरणी कामगारांना हिशेब शिकवण्यात घालवली. त्यांच्या नावाच्या व्यासपीठावर पैशांविषयी बोलायला संकोच वाटायचं कारण नाही. मला दिलेला विषय होता ‘घरबसल्या ऑनलाइन उत्पन्न आणि करिअर’. त्यातला ‘घरबसल्या’ हा शब्द मी काढायला लावला. घरी बसून पैसे मिळत नाहीत, घरी राबून मिळतात. नायगावच्या चाळींतल्या बायकांना हे बाहेरच्या माणसाने येऊन सांगावं, अशी परिस्थिती कधीच नव्हती.

मी बँकेत नोकरी केली, त्यातली बरीच वर्षं छोट्या कर्जांच्या टेबलावर. त्यामुळे माझं बोलणं यशोगाथांचं होणार नाही, वहीखात्याचं होईल. आणि सुरुवात मोबाइलच्या आधीपासून करावी लागेल. नायगाव-परळला घरातून धंदा करण्याची परंपरा मोबाइलपेक्षा पुष्कळ जुनी आहे, आणि आजचे बहुतेक प्रश्न तिने एकदा सोडवून पाहिलेले आहेत.

१९२०च्या दशकात गव्हर्नर लॉईड यांच्या कारकिर्दीत सुरू झालेल्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने, म्हणजे बीडीडीने, २०७ चाळी बांधल्या. त्यातल्या ४२ आपल्या नायगावात. एका चाळीत ८० खोल्या, एक खोली १६० चौरस फुटांची. कोकणातून, घाटावरून आलेला गडी बायको-मुलांना गावी ठेवून इथे यायचा आणि गावकीच्या खोलीत पथारी टाकायचा. एका पाळीचा माणूस उठला की दुसऱ्या पाळीचा त्याच जागेवर आडवा व्हायचा. अशा खोलीत चूल कुठली पेटणार? जेवण खानावळीत. आणि खानावळ म्हणजे पाटी लावलेलं दुकान नव्हे. शेजारच्या चाळीतली, तशाच १६० चौरस फुटांत नवरा-मुलांसह राहणारी बाई दहा, पंधरा, वीस गड्यांचं दोन वेळचं रांधायची, ती खानावळ.

ही बाई खानावळीकडे का वळली, हे समजून घेण्याजोगं आहे. १९२०च्या दशकात मुंबईच्या कापडगिरण्यांत साधारण दर पाच कामगारांमागे एक बाई होती. रिळिंगला, वाइंडिंगला त्याच असत. मग यंत्रं बदलली, बायकांना रात्रपाळीची बंदी आली, १९२९ साली मुंबई इलाख्यात बाळंतपणाच्या भत्त्याचा कायदा झाला. कायदे बायकांच्या भल्यासाठी झाले, पण मालकांच्या हिशेबात बाई महाग ठरू लागली. सत्तरच्या दशकापर्यंत गिरणीतल्या बायका बोटावर मोजण्याइतक्या उरल्या. नोकरी गेली तेव्हा हातात कसब होतं ते स्वयंपाकाचं, आणि दाराबाहेर हजारो भुकेली माणसं होती.

धंदा चालायचा, पण भांडवल दुसऱ्याचं. कामगार पैसे द्यायचा पगाराला. महिनाभराचा तांदूळ, डाळ, तेल, मिरची वाण्याकडून उधारीवर उचलायची आणि तो सांगेल त्या भावाने, सांगेल त्या व्याजाने फेडायची. राबायची ही, नफा जायचा वाण्याच्या नाहीतर सावकाराच्या गल्ल्यात. १९७४ साली गिरण्यांचा संप ४२ दिवस चालला, तेव्हा ही व्यवस्था उघडी पडली. कामगारांना पगार नाही, तर खानावळीचे पैसे कुठून देणार? पण ओळखीच्या माणसाच्या ताटात जेवण वाढायचं थांबवायचं कसं? संप कामगारांनी केला, त्यातला मोठा वाटा या बायकांनी उधारीच्या रूपाने उचलला.

१९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. प्रेमाताई गोवा मुक्तिलढ्यातून आलेल्या, मुंबईच्या कामगार चळवळीत मुरलेल्या. पुढे २००२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पहिली तुकडी चौदा जणींची होती. प्रेमाताईंनी या बायकांना स्वयंपाक शिकवला नाही, तो तर बायकांनाच दुसऱ्यांना शिकवता आला असता. त्यांनी या बायकांचा धंदा बँकेला दिसेल असा केला. १९६९ साली मोठ्या बँकांचं राष्ट्रीयीकरण झालेलं होतं आणि १९७२पासून गरिबांसाठी ४ टक्के व्याजाच्या कर्जाची योजना कागदावर होती. पण बँकेच्या लेखी खानावळवाली नव्हतीच. तिच्याकडे दुकान नाही, पावतीपुस्तक नाही, गहाण टाकायला जागा नाही. तिच्याकडे होती रोज जेवणारी माणसं आणि महिन्याच्या महिन्याला येणारे पैसे. मंडळाने बायकांचे गट बांधले, एकीची जामीन दुसरी राहिली आणि बँकेचं दार उघडलं. सावकाराचं व्याज सुटलं तेव्हा त्या बाईचं उत्पन्न वाढलं. एक पोळी जास्त न लाटता वाढलं!

मंडळी, माझं आजचं सगळं म्हणणं या गोष्टीत आहे. उत्पन्न वाढवायचं म्हटलं की आपल्या मनात पहिल्यांदा येतं, जास्त काम करू, नवं काम शोधू. पण आधी पाहायला हवं की आत्ता जे काम होतंय, त्यातला पैसा वाटेत कोण काढून घेतंय. आणि ते समजायला एक प्रश्न पुरतो. गिऱ्हाईक कुणाच्या वहीत आहे?

आता मोबाइलकडे येऊ.

समजा नायगावातली एखादी बाई डबे करते. हिशेबासाठी मी आकडे धरतो, तुम्ही तुमचे घाला. डबा १२० रुपयांचा. सामान ५५, गॅस ८, पॅकिंग ७, म्हणजे खर्च ७० रुपये. हा डबा जेवण पोचवणाऱ्या ॲपवरून विकला आणि ॲपचं कमिशन २५ टक्के धरलं, तर ३० रुपये ॲपचे. त्या कमिशनवर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ५ रुपये ४० पैसे. हातात आले ८४ रुपये ६० पैसे. त्यातून ७० गेले. बाईची मजुरी डब्याला १४ रुपये ६० पैसे. दिवसाला पंधरा डबे धरले तर २१९ रुपये. ॲपवर सवलत लावा म्हणून आग्रह होतो, त्यातला वाटा अजून वेगळा.

हाच डबा तिने स्वतःच्या गिऱ्हाइकाला विकला आणि पोचवायला चाळीतल्या एखाद्या पोराला डब्यामागे १५ रुपये दिले, तर तिला राहतात ३५. पंधरा डब्यांचे ५२५ रुपये. महिन्याचे सव्वीस दिवस धरले तर एकीकडे ५,६९४ रुपये, दुसरीकडे १३,६५०. हात तेच, डाळ तीच.

ॲपवाले लुटारू आहेत असं मी म्हणत नाही. त्यांनी माणसं नेमली, नकाशे बनवले, कोट्यवधी रुपये जाहिरातीवर घातले आणि अंधेरीतल्या अनोळखी माणसाला तुमचं नाव दाखवलं. त्याचे पैसे ते घेणारच. माझा आक्षेप वेगळा आहे. त्या अनोळखी माणसाने तुमच्याकडून वर्षभर पुरणपोळ्या मागवल्या तरी त्याचा फोन नंबर तुमच्याकडे येत नाही. तो खातो तुमच्या हातचं, पण गिऱ्हाईक राहतो ॲपचा. उद्या ॲपने तुमचं नाव यादीत खाली ढकललं, की तो शेजारणीच्या पोळ्या खाईल आणि फरक कुणामुळे पडला हे त्याला कळणारही नाही. वीस गडी जेवायला घालणाऱ्या खानावळवालीला प्रत्येकाचं गाव, पगाराची तारीख आणि कुणाला तिखट सोसत नाही हे पाठ होतं. तिच्याकडे भांडवल नव्हतं, पण गिऱ्हाईक तिचं स्वतःचं होतं. आजच्या मुलीकडे मोबाइल आहे, क्यूआर कोड आहे, सुंदर फोटो आहेत, आणि गिऱ्हाईक मात्र दुसऱ्याचं.

हिंदमाताच्या साडीबाजारात याचं दुसरं उदाहरण घडलं. तिथून साड्या उचलून ओळखीत विकणं हा दादर-नायगावच्या बायकांचा जुना जोडधंदा. व्हॉट्सॲप आल्यावर तो ग्रुपवर गेला. २०१५ साली सुरू झालेल्या मीशोने याच बायकांवर आपला डोलारा उभा केला. माल कंपनीच्या यादीतला, फोटो तुम्ही मैत्रिणींना पाठवायचा, वर आपला नफा चढवायचा, पार्सल परस्पर जाणार. भांडवल शून्य. लाखो बायकांनी काम केलं, कित्येकींच्या हातात पहिल्यांदा स्वतःचा पैसा आला, हे मान्यच करायला हवं. पण २०२१च्या सुमारास कंपनीने मोहरा फिरवला आणि ॲप थेट गिऱ्हाइकाच्या हातात दिलं. ज्या जावेला, ज्या शेजारणीला तुम्ही साडी दाखवत होता, तिला तीच साडी तुमच्या नफ्याशिवाय दिसू लागली. मधली बाई गळाली. कायद्याने यात काही चूक नाही. पण ज्यांनी मधल्या काळात आपली वही केली, कुणाला नऊवारी लागते, कुणाला इरकल आवडते, कुणाच्या घरी मे महिन्यात लग्न आहे हे टिपून ठेवलं, आणि स्वतः हिंदमाताला जाऊन माल निवडला, त्यांचा धंदा त्या वहीवर चालू शकतो. फोटो पुढे ढकलणाऱ्यांचा चालू शकत नाही.

गिऱ्हाईक आपल्याच वहीत ठेवणारे म्हणजे डबेवाले. त्यांची व्यवस्था १८९० साली महादू बच्चे यांनी सुरू केली असं मानलं जातं. या डबेवाल्यांवर परदेशांतल्या व्यवस्थापनशास्त्राच्या वर्गात भाषणं होतात ती अचूकपणाबद्दल. मला त्यांच्यातलं वेगळंच आवडतं. गिऱ्हाईक महिन्याचं, पैसे महिन्याचे आणि लाइन, म्हणजे ठरलेल्या गिऱ्हाइकांची फेरी, डबेवाल्याची. रोज नव्याने गिऱ्हाईक शोधावं लागत नाही. ऑनलाइन धंद्यात मोठा खर्च नवं गिऱ्हाईक मिळवण्याचा असतो. म्हणून डब्याचा धंदा करणाऱ्या प्रत्येकीला मी सांगतो, एकेका डब्याच्या ऑर्डरीमागे धावू नका. महिना बांधा. पैसे आगाऊ घ्या. आगाऊ पैसे आले की वाण्याकडे उधारी नाही, आणि रोखीने घाऊक घेतलं की सामान ५५ वरून ५० वर येतं.

ॲप सोडून द्या असा याचा अर्थ नाही. ॲप ही जाहिरात समजा, तीस रुपये देऊन एक अनोळखी माणूस तुमच्या दारात आणणारी. दारात आल्यावर तो पुन्हा तुमच्याकडे थेट यावा याची सोय करणं तुमचं काम. डब्यावर तुमचं नाव ठळक असू द्या, आठवड्याचा बेत छापून आत घाला. करारात काय लिहिलंय ते मात्र आधी वाचा, काही ठिकाणी यावर बंधनं असतात. आणि सगळी गिऱ्हाइकं एका जागेची ठेवू नका. १८ जानेवारी १९८२ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, हळूहळू गावी गेले आणि बहुतेक परत आले नाहीत. ज्या खानावळीत सगळे जेवणारे गिरणी कामगारच होते, तिथल्या चुली विझल्या. एकाच ॲपवर, एकाच ऑफिसच्या इमारतीवर उभा असलेला धंदा त्याच जातीचा आहे. करोनात लोअर परळची ऑफिसं बंद झाली तेव्हा डबे करणाऱ्या बायकांना हे सांगायला कुणाच्या व्याख्यानाची गरज उरली नव्हती.

आता माझ्या आवडीच्या विषयावर येतो, कागदावर.

यूपीआय २०१६ साली सुरू झालं. जानेवारी २०२०पासून दुकानदाराला त्यावर शुल्कही पडत नाही. आपण त्याकडे सुट्ट्या पैशांची कटकट मिटवणारं साधन म्हणून पाहतो. बँकवाल्याच्या नजरेने पाहा. प्रेमाताईंना ज्या गोष्टीसाठी झगडावं लागलं, म्हणजे या बाईचा धंदा खरोखर चालतो हे बँकेला दाखवणं, ती गोष्ट आता भिंतीवर चिकटवलेला एक चौकोनी कागद रोज करतो. प्रत्येक वीस रुपयांची नोंद, तारखेसह. वर्षभराचा असा उतारा घेऊन बाई आली तर तिचा अर्ज बाजूला सारणं बँकेला अवघड जातं. मुद्रा योजनेत ‘शिशु’ गटातलं ५० हजारांपर्यंतचं कर्ज तारणाशिवाय मिळतं. ‘किशोर’मध्ये मर्यादा ५ लाख.

पण इथे एक मेख आहे, आणि ती मी पुन्हा पुन्हा पाहिली आहे. धंदा बाईचा, आणि क्यूआर कोड मुलाच्या नाहीतर नवऱ्याच्या खात्याचा! कारण स्मार्टफोन त्याच्याकडे, खातं त्याचं चालू, आणि ‘घरातच तर आहेत पैसे’. तीन-तीन वर्षं बाई पोळ्या लाटते आणि पत तयार होते मुलाची. तो त्या उताऱ्यावर मोटारसायकल घेतो. आई पीठ मळायचं यंत्र घ्यायला कर्ज मागायला येते तेव्हा तिच्या खात्यात गॅसची सबसिडी आणि भावाने ओवाळणीला पाठवलेले पाचशे रुपये, एवढंच दिसतं. हसू नका, आज घरी गेल्यावर आपापला क्यूआर कोड कुणाच्या खात्याला जोडलाय तेवढं बघा.

बाकीचे कागद सोपे आहेत. उद्यम नोंदणी १ जुलै २०२०पासून सुरू आहे, आधारवर होते आणि तिला एक पैसा लागत नाही. ‘उद्यम करून देतो’ म्हणत हजार-दोन हजार घेणारे भेटतील, त्यांना नमस्कार करा. घरून खाद्यपदार्थ विकायचे तर अन्न सुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी हवी. वर्षाला १२ लाखांच्या आत उलाढाल असलेल्यांसाठी तिचं शुल्क अनेक वर्षं वर्षाला १०० रुपये राहिलेलं आहे. मघाच्या पंधरा डब्यांची वर्षाची उलाढाल ५ लाख ६१ हजारांच्या आसपास येते. म्हणजे आपण पुष्कळ अलीकडे आहोत.

करांची भीती घालणारे खूप असतात. जुलै २०२५मध्ये कर्नाटकात यूपीआयच्या नोंदींवरून छोट्या विक्रेत्यांना जीएसटीच्या नोटिसा गेल्या आणि बंगळुरात टपऱ्यांवर ‘यूपीआय नको, रोख द्या’ अशा पाट्या लागल्या. ती धास्ती इथपर्यंत आली. नियम असा की मालविक्रीला ४० लाख आणि सेवेला २० लाख ही नोंदणीची मर्यादा आहे, तयार जेवण सेवेत धरलं जातं. वर्षाला २० लाख म्हणजे रोजची जवळपास साडेपाच हजारांची विक्री. तिथे पोचलात तर कर भरण्याआधी पेढे वाटा. मात्र घरातली देवाणघेवाण आणि धंद्याचे पैसे एका खात्यात मिसळू नका. धंद्याचं खातं वेगळं ठेवलं की नोटीस आली तरी उत्तर तयार असतं.

भावाबद्दल दोन शब्द. दिवाळीला फराळाच्या ऑर्डरी घेणाऱ्या बायका भाव ठरवतात लालबागच्या चिवडा गल्लीकडे बघून. चिवडा गल्ली पोत्यांनी पोहे आणि पिंपांनी तेल घेते, तिच्याशी भावात तुमची बरोबरी होणार नाही. तुमच्या चकलीला गिऱ्हाईक येतं ते ती घरची आहे म्हणून, तिचा भाजणीचा वास खरा आहे म्हणून. परदेशी पार्सल पाठवणारं घर तर किलोमागे पन्नास रुपयांसाठी घासाघीस करत नाही, त्याला चकली न मोडता पोचायला हवी असते. तेव्हा पैसे पॅकिंगवर घाला आणि मजुरी धरून भाव सांगा. आपल्या बायका हिशेबात सगळं धरतात, गॅस धरतात, पिशवी धरतात, आणि स्वतःचे सहा तास धरत नाहीत. १९५९ साली गिरगावातल्या सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला घेतले. त्यातून लिज्जत उभं राहिलं. तिथे लाटणारी बाई मजूर नाही, मालकीण आहे. पाकिटावरचं नाव त्यांचंच राहिलं, म्हणून नफाही त्यांच्याकडेच आला. आपल्याकडे आज चार चाळींतल्या आठ जणी आठ नावांनी तीच चकली विकतात आणि एकमेकींचा भाव पाडतात. त्यांनी एक नाव घेतलं तर?

आता तरुण मंडळींकडे वळतो, मागच्या रांगेत जी मोबाइल बघत बसली आहेत.

तुमच्या टेलिग्रामवर संदेश येतो. व्हिडिओ लाइक करा, हॉटेलांना तारे द्या, दिवसाला दोन-तीन हजार कमवा. पहिल्या दिवशी दीडशे-दोनशे रुपये खरंच येतात. मग ‘प्रीमियम टास्क’साठी आधी पाच हजार भरायला सांगतात, मग वीस, मग अडकलेले सोडवायला पन्नास. पैसे गेले तर लाजेने गप्प बसू नका, लगेच १९३० या क्रमांकावर फोन करा. पहिल्या तासाला किंमत असते, कारण पैसा पुढच्या खात्यात सरकायच्या आत गोठवता आला तर येतो. दुसरा प्रकार याहून वाईट. ‘तुझं बँक खातं वापरायला दे, महिन्याला पाच हजार देतो.’ ते खातं कुणाच्या तरी लुटीचे पैसे फिरवायला लागतं. पोलिस येतात ते खातेदाराच्या घरी. साखळी पद्धतीच्या योजनांवर तर १९७८पासून कायद्याने बंदी आहे, तरी दर दोन-तीन वर्षांनी एखाद्या हॉलमध्ये कोट घातलेला माणूस येऊन तीच योजना नव्या नावाने सांगतो. माणसं जोडण्याचे पैसे मिळत असतील आणि माल कुणी वापरत नसेल, तर उठून घरी या.

नोकरीत वर चढण्याविषयी आमच्या पिढीला फार विचार करावा लागला नाही. बँकेत जेएआयआयबी, सीएआयआयबी या परीक्षा दिल्या की पगारवाढ ठरलेली, नियमात लिहिलेली. तुमच्या खासगी नोकऱ्यांत अशी लिहिलेली शिडी बहुधा नसते. म्हणून नोकरी धरतानाच विचारा, काय शिकलं की काय मिळेल. विचारणाऱ्या उमेदवाराचा राग येत नाही, उलट त्याच्याकडे नीट बघितलं जातं. २००१ साली एमएस-सीआयटी सुरू झाली तेव्हा नुसतं ते प्रमाणपत्र असलं की क्लार्कच्या अर्जात माणूस उठून दिसायचा. आता ते सगळ्यांकडे आहे, त्यामुळे ते दारातून आत जाण्यापुरतं. लोअर परळच्या काचेच्या इमारतीत बॅक ऑफिसला डेटा भरणाऱ्या मुलाने डेटा भरण्याचा वेग वाढवून पगार फार वाढणार नाही. त्या डेटातली चूक कुठे होते, महिन्याच्या शेवटी साहेबाला कुठला तक्ता लागतो, हे ज्याला कळलं तो पुढे सरकतो. तो तक्ता बनवायला शिकणं तीन महिन्यांचं काम आहे.

शिकायला पैसे लागतात हेही आता अर्धंच खरं. केंद्र सरकारचं स्वयम् पोर्टल २०१७पासून आहे, आयआयटीच्या प्राध्यापकांचे वर्ग त्यावर फुकट आहेत, परीक्षा देऊन प्रमाणपत्र हवं असेल तरच शुल्क. अडचण वेगळी आहे. एकट्याने मोबाइलवर शिकायला घेतलेला अभ्यासक्रम चौथ्या आठवड्यात सुटतो. रात्रशाळेत तो सुटत नव्हता, कारण शेजारच्या बाकावरचा साचेवाला पाळी करून आलेला असायचा आणि आपण न आल्यास दुसऱ्या दिवशी गिरणीच्या खात्यात विचारायचा. बाबासाहेबांनी १९४६ साली सिद्धार्थ महाविद्यालय काढलं तेव्हा नोकरी करणाऱ्यांसाठी सकाळचे वर्ग ठेवले. शिक्षणाची वेळ कामगाराच्या घड्याळाला जुळवली. तसं काही इथे करता येईल. चाळीच्या अभ्यासिकेत रविवारी सकाळी सहा जणांनी एकच अभ्यासक्रम एका पडद्यावर बघायचा. याला निधी लागत नाही, किल्ली लागते.

आणि डिलिव्हरीची गाडी चालवणाऱ्या मुलांना एवढंच सांगतो. ई-श्रम पोर्टलवर नोंदणी करून टाका. २१ नोव्हेंबर २०२५पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत तुमच्यासारख्या कामगारांचा उल्लेख पहिल्यांदा आलाय आणि कंपन्यांनी निधीत वाटा देण्याची तरतूद आहे. तो निधी उद्या वाटायला निघेल तेव्हा यादीत नाव असलं पाहिजे.

शेवटचा मुद्दा आपल्या दारातला आहे. बीडीडी चाळी पाडून म्हाडाचे टॉवर उभे राहत आहेत. १६० चौरस फुटांतून ५०० चौरस फुटांत जाणं हा न्याय आहे, शंभर वर्षांनी मिळालेला. पण लिफ्ट, पंप, पहारेकरी यांचा खर्च आज ना उद्या रहिवाशांच्या अंगावर येणार, म्हणजे उत्पन्न वाढवणं ही तेव्हा चैन राहणार नाही. आणि नेमका त्याच वेळी घरचा धंदा अडचणीत येईल. चाळीत सामाईक गॅलरी होती. पापड वाळले, डबे भरले, गिऱ्हाईक कठड्याशी उभं राहिलं, कुणी हरकत घेतली नाही. टॉवरमध्ये डबा न्यायला आलेल्या पोराला खाली वहीत सही करावी लागेल, विसाव्या मजल्यावर रोज पन्नास डब्यांची फोडणी बसली तर शेजारी तक्रार करतील, आणि घरगुती गॅस धंद्याला वापरता येत नाही हा नियम तिथे कुणीतरी बोट ठेवून वाचून दाखवेल.

म्हणून सोसायटीचे जे प्रवर्तक इथे बसले आहेत त्यांना विनंती आहे. तळमजल्यावर किंवा पार्किंगच्या मजल्यावर सोसायटीच्या वाट्याला जी जागा येईल, त्यातली एक खोली सामाईक स्वयंपाकघर म्हणून मागा. व्यावसायिक गॅसचं मीटर, धुराडं, दोन मोठे ओटे, धुण्याची मोरी. तासाच्या भाड्याने सभासद बायकांना द्या. अन्न नोंदणीवर पत्ता तोच घालता येईल, आणि भाडं सोसायटीच्या देखभाल खर्चात जमा होईल. जिमला जागा मिळते, तर हिला का मिळू नये? नकाशे कायम होण्याआधी म्हाडाकडे लेखी मागणी गेली पाहिजे आणि पहिल्या सर्वसाधारण सभेत ठराव झाला पाहिजे. ठरावाचा मसुदा मी लिहून आणला आहे, तो कार्यवाहांकडे देतो. त्यावर सूचक आणि अनुमोदक म्हणून दोन बायकांची नावं असावीत, एवढीच माझी अट आहे.